कन्सोलची मोफत दुरुस्ती: या चुका टाळा

मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळण्याचे यंत्र, नोव्हेंबर २००५ मध्ये बाजारात आला आणि त्याच्या पहिल्यावहिल्या उत्पादनातील दोष लवकरच उघडे पडले. अमेरिकेत तेव्हा त्याची वॉरंटी अवघी ९० दिवसांची होती. सप्टेंबर २००६ मध्ये कंपनीने १ जानेवारी २००६ पूर्वी तयार झालेले कन्सोल मोफत दुरुस्त करून देण्याचे आणि आधी वसूल केलेले दुरुस्तीचे पैसे परत करण्याचे जाहीर केले. जुलै २००७ मध्ये तीन लाल दिव्यांच्या (सुरू करण्याच्या बटणाभोवतीचे तीन दिवे लाल होऊन यंत्र बंद पडण्याच्या) बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची झाली आणि त्यापोटी कंपनीला १ अब्ज डॉलरहून अधिक तरतूद करावी लागली. तरीही ही सवलत आपल्याच हाताने घालवणे अवघड नव्हते.

पहिली गफलत तारखेची. आधीच्या सवलतीत कन्सोलच्या मागे छापलेली उत्पादनाची तारीख महत्त्वाची होती, तर नंतरच्या वॉरंटीची मुदत खरेदीच्या दिवसापासून मोजली जात होती. त्यामुळे एका नियमात न बसणाऱ्याने दुसरा न तपासताच पैसे भरणे ही घाई ठरे.

दुसरी चूक दिवे न मोजण्याची. चारही दिवे लाल झाले, तर टीव्हीची केबल नीट बसलेली नसते. दोन दिवे म्हणजे यंत्र तापले आहे. एकच दिवा लागला, तर पडद्यावर त्रुटीचा क्रमांक दिसतो. त्यांपैकी ‘ई ७४’ हा बिघाड २००९ मध्ये तीन वर्षांच्या वॉरंटीत घेतला गेला. केबल काढून पुन्हा बसवण्याआधीच कन्सोल खोक्यात भरणारा माणूस आठवडे उगाच गमावतो.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे घरगुती इलाज. वापरताना तापणे आणि बंद केल्यावर थंड होणे, या फेऱ्यांमुळे ग्राफिक्स चिपचे नाजूक विद्युत-जोड तुटत असत. चालू कन्सोल टॉवेलात गुंडाळला की उष्णतेने तुटलेला जोड कधीकधी तात्पुरता जुळून येई आणि इलाज लागू पडल्याचा भास होई. प्रत्यक्षात मूळ दोष तसाच राहून शेजारच्या भागांनाही झळ बसे, शिवाय आग लागण्याचा धोका होता तो वेगळाच. ज्यांनी कन्सोल उघडून चिपवरील उष्णता शोषणारे धातूचे भाग (हीट सिंक) दाबून धरणारे पट्टे बदलले, त्यांचे सील फाटले आणि सीलबरोबर वॉरंटीही गेली.

पाठवण्यापूर्वी हार्ड डिस्क काढून घरी ठेवायला हवी होती, कारण परत येणारा कन्सोल तोच असेल याची खात्री नसे. शिवाय डाउनलोड केलेल्या गेमचा परवाना मूळ यंत्राशी जोडलेला असल्यामुळे बदली कन्सोलवर तो गेम इंटरनेटशिवाय चालत नसे. २००८ मध्ये परवाने हलवण्याची सोय झाली.

या मुदती केव्हाच संपल्या आहेत. त्यामुळे जुना एक्सबॉक्स ३६० विकणारा आज ‘कंपनी मोफत दुरुस्त करून देते’ असे सांगत असेल, तर त्या शब्दावर किंमत वाढवून देऊ नये. मागची तारीख आणि सील पाहून, अर्धा तास गेम चालवून मगच व्यवहार करावा.