गप्पीची पिल्लं जगवायची तर आधी पाणी सांभाळा

गप्पी माशाची मादी साधारण चार आठवड्यांनी पिल्लं देते. एकदा नराचा संग झाला की नर नसतानाही ती पुढचे काही महिने आणखी खेपा देऊ शकते, म्हणून दुकानातून एकटी मादी आणली तरी पिल्लांची सोय आधीच करून ठेवावी. पोट चौकोनी दिसू लागलं, शेपटीकडचा काळा ठिपका गडद झाला आणि मादी कोपरा धरून बसू लागली, की दिवस भरत आले समजा.

ब्रीडिंग बॉक्समध्ये, म्हणजे विणीसाठीच्या छोट्या डब्यात, तिला आठवडाभर कोंडू नका. घाबरलेली मादी अपुऱ्या दिवसांची पिल्लं टाकते. त्यांच्या पोटाला पिवळसर बलक चिकटलेला असतो आणि ती सहसा जगत नाहीत. त्यापेक्षा २० ते २५ लिटरची साधी टाकी घ्या. तळ मोकळा ठेवा, वर गप्पी ग्रास किंवा जावा मॉस या पाणवनस्पतींचा दाट झुपका सोडा. पिल्लं झाली की मादीला लगेच मोठ्या टाकीत न्या, कारण ती स्वतःचीच पिल्लं खाते.

फिल्टर स्पंजचाच हवा, बाकीचे पिल्लांना आत ओढतात. तोही कोरा नको, मोठ्या टाकीत निदान महिनाभर चाललेला आणा. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू जुन्या स्पंजमध्ये असतात, नव्यात नसतात. स्पंज नळाखाली धुतला तर क्लोरीनने तेच मरतात, म्हणून तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

नळाचं पाणी बादलीत २४ तास उघडं ठेवलं की क्लोरीन उडतो, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन घालतात, ते उडत नाही. तिथे क्लोरीन मारायचं औषध घालावंच लागतं. घरच्या आरओचं नुसतं पाणी वापरू नका. गप्पीला आणि तिच्यासारख्या मॉली माशाला क्षार लागतात, बोअरचं जड पाणी त्यांना मानवतं. तापमान २५ ते २७ अंश ठेवा. पुण्या-नाशिकच्या थंडीत त्यासाठी ५० वॅटचा हीटर लागतो.

आता खाणं, कारण जास्तीत जास्त पिल्लं इथेच दगावतात. उकडलेल्या अंड्याचा बलक देऊ नका, चिमूटभरानेही टाकी नासते. सगळ्यात चांगलं खाणं म्हणजे ताजा आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव; ते अंड्यांतून घरीच काढता येतात. १ लिटर पाण्यात २५ ग्रॅम जाडं मीठ आणि अर्धा छोटा चमचा आर्टेमियाची अंडी घालून बुडापासून जोरात हवा सोडा, वर दिवा ठेवा. २६ ते २८ अंशांना २४ ते ३६ तासांत अंडी फुटतात. हवा बंद करून दिवा बुडाशी धरा आणि दहा मिनिटं थांबा. टरफलं वर तरंगतात आणि नारिंगी जीव खाली, उजेडाकडे गोळा होतात. नळीने तेवढेच ओढून सुती रुमालातून गाळा आणि गोड्या पाण्याने धुऊन घाला. टरफलं आत जाऊ देऊ नका, ती पिल्लांना पचत नाहीत.

किती घालायचं, ते पिल्लांच्या पोटावरून कळतं. दहा मिनिटांनी काचेजवळ जाऊन बघा: पोटं नारिंगी फुगलेली दिसली तर पुरे झालं. दिवसातून तीन-चार वेळा असं थोडं थोडं द्या. मधल्या वेळी कोरडं खाणं बोटांत पार भुकटी करून द्या आणि पाच मिनिटांत जे उरेल ते काढून टाका.

एक दिवसाआड २० ते २५ टक्के पाणी बदला. एअर पंपाच्या नळीने तळ ओढा. पाणी पांढऱ्या बादलीत घ्या आणि ओतण्याआधी नीट बघा, दोन-चार पिल्लं त्यात हमखास सापडतात. नवं पाणी त्याच तापमानाचं घालून हळूहळू सोडा. पिल्लं वर येऊन धापा टाकत असतील तर खाणं बंद करून लगेच निम्मं पाणी बदला.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात माद्यांचा काळा ठिपका दिसू लागतो आणि नरांचा पोटाखालचा मागचा पर निमुळता होतो. पाचव्या आठवड्याच्या आत नर वेगळे काढा, नाहीतर कोवळ्या माद्याच गाभण राहतात आणि त्यांची वाढ खुंटते. मोठ्या माशांच्या तोंडात मावणार नाहीत एवढी झाली, की पिल्लं मोठ्या टाकीत सोडता येतात. जास्तीची दुकानदाराला द्या, पण ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा, आणि तो आपल्याकडच्या माशांची अंडी-पिल्लं खातो.