नरसंहार आधी रोखता आला असता का? वादविवादाची तयारी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ज्यूंच्या नरसंहाराबाबत मित्रराष्ट्रांना आधी काही करता आले असते का, हा विषय मिळाला, तर भाषण लिहिण्यापूर्वी तारखांचा तक्ता करावा. प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशी कोणाला काय ठाऊक होते आणि त्याच्या हाती काय होते, एवढेच लिहावे. आपल्याकडे कोणताही विषय तिसऱ्या मिनिटाला सीमाप्रश्नाकडे वळतो. तो मोह येथे कटाक्षाने टाळावा, कारण या दोन गोष्टींची तुलना होऊच शकत नाही आणि परीक्षक ती तात्काळ पकडतात.

जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियां येथे ३२ देश निर्वासितांच्या प्रश्नावर जमले, परंतु बहुतेकांनी दारे उघडली नाहीत. तेव्हा ज्यूंना जर्मनीबाहेर पडता येत होते. अडत होते ते व्हिसावर.

१७ डिसेंबर १९४२ रोजी मित्रराष्ट्रांच्या सरकारांनी संयुक्त निवेदनाद्वारे या संहाराचा जाहीर निषेध केला. त्यामुळे ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ हा बचाव त्यानंतर टिकत नाही. मात्र त्या वेळी पोलंडमधील छावण्यांपर्यंत सैन्य पोहोचवणे शक्य नव्हते, हे विरोधी पक्षाने म्हणण्याआधी आपणच मान्य करावे. मग एप्रिल १९४३ च्या बर्म्युडा परिषदेकडे वळावे, जिथे ब्रिटन आणि अमेरिकेने निर्वासितांसाठी जवळपास काहीच केले नाही.

निर्वासितांना न्यायला जहाजे आणि ठेवायला जागा नाही, या युक्तिवादाला उत्तर आपल्या शेजारीच आहे. मिरजेहून कोल्हापूरला जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील वळिवडे येथे १९४३ पासून सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. ही माणसे प्रामुख्याने स्टालिनने हद्दपार केलेली होती, हिटलरच्या छावण्यांतून सुटलेली नव्हेत, हे स्पष्ट सांगूनच उदाहरण द्यावे. अन्यथा चांगला मुद्दा हातचा जाईल.

१९४४ साठी सर्वाधिक वेळ राखून ठेवावा. मे ते जुलै या सुमारे आठ आठवड्यांत हंगेरीतून ४ लाखांहून अधिक ज्यूंना पाठवण्यात आले, त्यांतील बहुतेकांना जर्मनव्याप्त पोलंडमधील ऑशविट्झ या संहारछावणीत. तोवर इटलीतील तळांवरून अमेरिकी बॉम्बफेकी विमाने तिथवर पोहोचत होती. २० ऑगस्टला त्यांनी ऑशविट्झलगतच्या मोनोविट्झच्या कारखान्यावर बॉम्ब टाकले, जिथून छावणीतील गॅस चेंबर आठ किलोमीटरहून कमी अंतरावर होते. तरीही माझ्या मते केवळ बॉम्बफेकीवर भाषण उभारू नये, कारण छावणीवरील हल्ल्यात कैदीच किती मेले असते, या प्रश्नाला निर्विवाद उत्तर नाही. त्यापेक्षा ७ जुलैचा दाखला द्यावा: रूझवेल्ट, पोप आणि स्वीडनचे राजे यांच्या दबावानंतर हंगेरीचा राज्यप्रमुख हॉर्थी याने ही रवानगी थांबवण्याचा आदेश दिला आणि बुडापेस्टमधील बहुतांश ज्यू तेव्हापुरते वाचले. असाच दबाव मार्चमध्ये, जर्मन सैन्य हंगेरीत शिरताच, का आला नाही, हा प्रश्न प्रतिपक्षाला प्रत्युत्तराच्या फेरीत विचारावा.