कुत्र्याला मालिश करताना या चुका टाळा

आपल्याकडे मालिश म्हटलं की डोळ्यांपुढे वाटीभर कोमट तेल येतं. पाय पसरून बसलेली मालिशवाली बाई, तिच्या पायांवर पालथं घातलेलं बाळ, दिवाळीच्या पहाटे आजीकडून रगडून घेतलेलं अंग. आपले हात या वळणावर वाढलेत. म्हणून घरातला कुत्रा म्हातारा झाला, उठताना कण्हायला लागला की आपण त्यालाही तसंच करायला जातो. तेल लावायचं, जोर लावायचा, आखडलेलं मोकळं करायचं. कुत्र्याच्या बाबतीत हे सगळंच चुकतं, आणि चुकतं ते मायेपोटी, म्हणून याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं.

आमचा शेरू बारा वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे. खुब्याचे सांधे झिजलेत. नाशिकमध्ये इंदिरानगरच्या आमच्या घरात रात्रीची जेवणं आटोपून तासभर झाला की मी गोधडी अंथरते आणि तो आपणहून येऊन पडतो. इथवर यायला वेळ लागला, आणि वाटेत माझ्याकडूनही चुका झाल्या.

लंगडतोय म्हणजे लचक भरली असेल

काही वर्षांपूर्वी श्रावणात शेरू मागचा डावा पाय उचलून चालायला लागला. आदल्या दिवशी त्याला पांडवलेण्याच्या पायथ्याशी फिरवून आणलं होतं, पावसाने सगळं निसरडं झालेलं. मला वाटलं, घसरला असेल. दोन संध्याकाळी मी त्याची मांडी छान चोळून दिली. तोही बिचारा गप्प पडून राहिला, आणि मी समजले की बरं वाटतंय. तिसऱ्या दिवशी डावा पाय ठीक, पण उजवा टेकवेना. जेवण सोडलं. डॉक्टरांनी कान उलटा करून आतल्या घडीत चिकटलेल्या दोन गोचिडी दाखवल्या आणि रक्त तपासायला घेतलं. गोचीडताप होता. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, बऱ्याच खाली आल्या होत्या. "ताई, अशा वेळी जोरात चोळलं तर कातडीखाली रक्त साकळतं," एवढंच ते म्हणाले. औषधांनी शेरू बरा झाला, पण तो गप्प का पडून होता हे मला तेव्हा कळलं. त्याच्यात उठून जायचं त्राणच नव्हतं.

म्हणून पावसाळ्यात, आणि नंतरही दिवाळीपर्यंत, लंगडणाऱ्या कुत्र्याला हात लावण्याआधी दोन गोष्टी करा. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत आणि शेपटीखाली गोचिडी शोधा. आणि ताप मोजा. कुत्र्याचं अंग आपल्या हाताला नेहमीच गरम लागतं, कारण त्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. नाक गार आहे की कोरडं, यावरून काहीही ठरत नाही. साधा डिजिटल थर्मामीटर, टोकाला थोडं व्हॅसलीन, आणि गुदद्वारातून मोजायचं. आकडा १०३च्या पुढे गेला तर मालिश नाही, दवाखाना.

ताप नसला तरी अचानक सुरू झालेलं लंगडणं, सूज, उघडी जखम, टाके, खरूज किंवा ओल सुटलेली कातडी यांवर हात चालवायचा नाही. दोन प्रसंगांत तर एक मिनिटही दवडू नका. डॅशहुंड किंवा पग जातीचा कुत्रा पाठ कमानीसारखी करून थरथरत असेल, मागचे पाय ओढत असेल, तर मणक्यातली चकती सरकलेली असू शकते. त्याला उचलून कडेवर घेऊ नका, फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर आडवा ठेवून न्या. आणि जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या कुत्र्याचं पोट ढोलासारखं टणक झालं, तो ओकाऱ्या काढतोय पण बाहेर काही पडत नाही, तर "गॅस झाला असेल" म्हणून पोट चोळत बसू नका. जठराला पीळ पडल्याचं ते लक्षण असू शकतं, आणि त्यात काही तासांत जीव जातो.

गाठ लागली की दाबून मोकळी करणं

माणसाच्या मानेत स्नायू आखडून गाठ येते आणि ती दाबली की बरं वाटतं. तोच हिशोब कुत्र्याला लावला जातो. जबड्याच्या कोनाखाली, खांद्याच्या पुढच्या बाजूला आणि मागच्या गुडघ्याच्या मागे कुत्र्याच्या लसिकाग्रंथी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या लहान गाठी, असतात. निरोगी कुत्र्यातही गुडघ्यामागची गाठ लहान, गुळगुळीत अशी हाताला लागू शकते. ती बोरापेक्षा मोठी लागली, किंवा दोन्ही बाजूंच्या गाठी एकदम फुगल्या, तर आत काही चाललंय असं समजा. ते गोचीडतापाचं असेल, संसर्गाचं असेल किंवा कर्करोगाचंही असेल.

कातडीवरच्या गाठींचंही तेच. म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरच्या बरगड्यांवर मऊ, हलणाऱ्या चरबीच्या गाठी येतात आणि त्या बहुधा निरुपद्रवी असतात. पण मास्ट सेल नावाचा कर्करोग हाताला अगदी तसाच लागू शकतो. ती गाठ चोळली तर तिच्यातून हिस्टामिन सुटतं, आसपासची जागा लाल होते, फुगते. बोटांनी यातला फरक कळत नाही. डॉक्टर बारीक सुईने पेशी काढून तपासतात, तेव्हाच कळतं. रोज मालिश करणाऱ्याचा मोठा फायदा इथे आहे. नवी गाठ त्याला सगळ्यांत आधी सापडते. सापडली की जागा आणि तारीख लिहून ठेवा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा, आणि त्या जागेला वळसा घालून पुढे जा.

तेल, बाम आणि आपल्या डब्यातल्या गोळ्या

तेलाची गरज नसते. केसांवरून हात आपोआप सरकतो. तेल लावलं की कुत्रा ते चाटणार, खोबरेल असेल तर जुलाब होणार, मोहरीचं असेल तर कातडी चुरचुरणार, आणि उरलेल्या तेलावर अंगणातली सगळी माती बसणार.

बाम तर अजिबात नको. गुडघेदुखीच्या आपल्या मलमांमध्ये कापूर, मेंथॉल आणि गंधपुऱ्याचं तेल असतं. चाटून पोटात गेलं तर कुत्र्याला हे तिन्ही बाधतात. टी ट्री तेल नैसर्गिक म्हणून विकलं जातं, पण कुत्र्याच्या अंगावर थेट लावलं तर विषबाधा होते. तसंच, दुखतंय म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देऊ नका. यकृत, जठर, मूत्रपिंड, कुठे ना कुठे त्याचा घाव बसतोच. कुत्र्यांसाठीच्या वेदनाशामक गोळ्या वेगळ्या असतात, त्या डॉक्टरांना विचारा.

दुखतं तिथेच हात चालवणं

ही चूक मला सगळ्यांत जास्त दिसते, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

कुत्रा उभा असतो तेव्हा त्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. त्यात खुबे दुखायला लागले की तो आणखी भार पुढे ढकलतो. आणि त्याचे पुढचे पाय धडाला कशाने जोडलेले असतात? आपल्यासारखं गळपट्टीचं हाड त्याला नसतं. खांद्याचं पातं बरगड्यांना नुसत्या स्नायूंनी बांधलेलं असतं. म्हणजे मागच्या सांध्याचं ओझं दिवसभर मान आणि खांद्यांचे स्नायू वाहत असतात. खुब्यावर बोटं रोवून काही साधत नाही. उलट कुत्रा दचकतो, आणि पुढच्या वेळी गोधडी दिसली की पलंगाखाली जातो.

शेरूच्या खांद्याच्या पात्यामागे बोटं नेली की दोरीसारखा ताणलेला एक पट्टा लागतो. मी तिथे तळवा टेकवते आणि अर्धा मिनिट काहीच करत नाही. मग कातडी आणि खालचं मांस एकत्र, सावकाश, गोल फिरवते, चार-पाच वेळा. जागा बदलायची, पुन्हा तसंच. आधी त्याचा कान मागे पडतो, मग पापण्या जड होतात, नाकातून एक लांब श्वास सुटतो आणि शेवटी पुढचा पंजा सैल होऊन बोटं उघडतात. पंजा उघडला की मी दुसऱ्या बाजूला जाते.

सुरुवात नेहमी मानेपासून शेपटीपर्यंत, केसांच्या दिशेने, उघड्या तळव्याने. पाठीच्या कण्याच्या हाडांवर दाब नको. कण्याच्या दोन्ही बाजूंना जे लांब स्नायू आहेत त्यांच्यावर हात फिरवा. किती जोर? मिटलेल्या पापणीवर बोट ठेवून आपल्याला जेवढा दाब सहन होतो, तिथून सुरुवात करा. दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. पाय ओढून ताणायचा नाही. तो जेवढा आपणहून वाकतो तेवढाच वाकवायचा. जेवणानंतर तासभर तरी जाऊ द्या.

गंगापूर धरणाच्या पाण्यात मनसोक्त पोहून आलेल्या लॅब्रॅडॉरची शेपटी दुसऱ्या दिवशी निर्जीव लोंबकळताना दिसली तर ती ओढून किंवा चोळून सरळ करू नका. शेपटीच्या मुळाशी ताण आलेला असतो, विश्रांती दिली की काही दिवसांत उतरतो. मात्र एकदा डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्या.

पाय झटकतोय म्हणजे मजा येतेय

कुशीत किंवा बरगड्यांवर खाजवलं की मागचा पाय भराभर हलतो आणि मुलं टाळ्या पिटतात. ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे. कुत्र्याला ते आवडतंय की नाही हे त्यावरून समजत नाही, आणि खुबा दुखणाऱ्या कुत्र्याचा तोच पाय विनाकारण झटकला जातो.

नकार तो वेगळ्या पद्धतीने सांगतो. ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो, मान फिरवतो, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसायला लागतं, अंग ताठ होतं, धाप लागते. गुरगुरणं फार नंतर येतं. आणि गुरगुरला म्हणून ओरडू नका. पुढच्या वेळी तो ती पायरी गाळून थेट चावेल. एक सोपा उपाय करून बघा. पाच-सहा वेळा हात फिरवून झाला की हात उचला आणि थांबा. त्याने अंग तुमच्याकडे सरकवलं किंवा नाकाने हात ढोसला तर पुढे चालू. नाही तर त्या दिवसापुरतं झालं.

रोज करूनही फरक का पडत नाही?

मला विचारलं जातं त्यात हा प्रश्न पहिला. बहुतेक वेळा कारण घराच्या फरशीवर असतं. चकचकीत टाइल्सवर पाय फाकत-सावरत कुत्रा जे स्नायू दिवसभर आवळून धरतो, ते पंधरा मिनिटांत कसे सुटणार? त्याच्या झोपण्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत सतरंजी किंवा जुन्या योगा मॅटचा पट्टा टाका. चालताना नखांची टकटक ऐकू येत असेल तर नखं कापा. लांब नखांमुळे पंजा वर उचलला जातो आणि सगळी चालच बदलते. आणि वजन. हलक्या हाताने बरगड्या मोजता यायला हव्यात. दाबूनही सापडत नसतील तर पोळीचे तुकडे बंद करा, सांध्यांना त्याने जो आराम मिळेल तो कुठल्याच मालिशने मिळणार नाही.

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा एक आकडी होतो तेव्हा नाशिकमधल्या म्हाताऱ्या कुत्र्यांना सकाळी उठवत नाही. मालिशच्या आधी दहा मिनिटं टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीचा शेक द्या. पिशवी आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. शेक फक्त जुन्या आखडण्याला. ताज्या माराला, सुजेला गरम लावू नका, पहिले दोन-तीन दिवस थंड पट्टी.

मालिशनंतर दुसऱ्या दिवशी जास्त लंगडला तर दाब जास्त झाला असं समजा. दोन दिवस थांबा, मग निम्म्या वेळेपुरतं आणि निम्म्या जोराने करा. पुन्हा तसंच झालं, तर मोबाइलवर त्याच्या चालण्याचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात घाबरलेला कुत्रा लंगडणं लपवतो.

बक्षीस म्हणून द्राक्ष

हे खास आपल्या जिल्ह्यासाठी. जानेवारीपासून घरोघरी द्राक्षांच्या पेट्या येतात, आणि शहाण्यासारखा पडून राहिला म्हणून चार मणी कुत्र्याला दिले जातात. द्राक्षं आणि बेदाणे खाऊन कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कुठल्या कुत्र्याला किती मण्यांनी त्रास होईल हे आधी सांगता येत नाही. आजवर काही झालं नाही म्हणून पुढेही होणार नाही असं नाही. बेदाणे घातलेला शिराही नको. खाल्लेच तर लक्षणांची वाट न बघता लगेच डॉक्टरांना फोन करा. काकडीची चकती, गाजर किंवा मीठ-मसाला न घालता उकडलेल्या चिकनचा तुकडा चालतो.

दिंडोरीजवळ आमच्या सासऱ्यांच्या द्राक्षबागेत वाघ्या नावाचा गावठी कुत्रा राखणीला आहे. तो कधी कोणासमोर आडवा पडत नाही. पडला तर राखण कोण करणार, असाच त्याचा आव असतो. त्याला गोधडीवर झोपवायचा प्रयत्न मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा तो बांधापलीकडे निघून गेला. आता मी ओट्यावर बसते. तो येतो, माझ्याकडे पाठ करून, फाटकाकडे तोंड करून उभा राहतो. तसाच उभा असताना खांद्यांवर तीन-चार मिनिटं हात फिरवते. तेवढं त्याला पुरतं.