कॅम्पर व्हॅनची लाइन बदलताना आधी लोड उतरवा

कॅम्पर व्हॅनला वीज तीन वाटांनी मिळते: तळावरच्या खांबावरून केबलने, जनरेटरमधून, नाहीतर बॅटरीवरच्या इन्व्हर्टरमधून. (सोलर फक्त बॅटरी भरतो, म्हणून तो या भानगडीत नाही.) एका वेळी वायरिंगला यातली एकच जोडलेली हवी. दोन एकत्र आल्या तर इन्व्हर्टर जळू शकतो, आणि बाहेर लोंबणाऱ्या प्लगच्या पिनांत करंट उतरतो. तसं होऊ नये म्हणून चेंजओव्हर स्विच असतो. तो नसेल तर आधी बसवून घ्या, दोन्हीकडे पिना असलेली जुगाडू केबल करू नका.

१. एसी, गिझर, मायक्रोवेव्ह बंद करा, मग मेन एमसीबी खाली पाडा. चालू लोडवर चेंजओव्हर फिरवला की आत ठिणगी उडते आणि कॉन्टॅक्ट काळे पडत जातात. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते.

२. खांबावरून घेताना खांबावरचा एमसीबी बंद ठेवा. केबल आधी व्हॅनला, मग खांबाला. काढताना आधी खांबाकडून. म्हणजे हातातल्या उघड्या पिना कधीच जिवंत नसतात. केबल पूर्ण उलगडा, गुंडाळी तशीच ठेवली तर ती तापून वितळू शकते. 16 अँपिअरच्या जोडणीवर 230 व्होल्टला जेमतेम 3,680 वॉट मिळतात, तेव्हा एसी आणि गिझर एकदम लावलेत तर एमसीबी पडू शकतो.

३. जनरेटर बिनलोड सुरू करून दोन-तीन मिनिटं चालू द्या, मग लाइन बदला. ऑटोमॅटिक चेंजओव्हर यासाठीच थोडा वेळ घेतो, तो बिघडलेला नसतो. एसी बंद करून लगेच चालू करू नका; कॉम्प्रेसरला तीन ते पाच मिनिटं द्या. जनरेटर थांबवतानाही आधी लोड काढा. धूर खिडकीकडे येत नाही ना, हे बघाच: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

४. इन्व्हर्टरवर जाताना मात्र हिशेब करा. 12 व्होल्टच्या बॅटरीतून 1,000 वॉट काढायचे म्हणजे 83 अँपिअर, आणि इन्व्हर्टरची घट धरली तर नव्वदच्या वर. 100 अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे जेमतेम अर्धा तास मिळतो. म्हणून गिझर बंद, आणि फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर गॅसवर.

आता चार्जर. तो वेगळा असेल तर त्याचा एमसीबी आठवणीने पाडा. नाहीतर बॅटरी इन्व्हर्टरला वीज देते, इन्व्हर्टर चार्जरला, आणि चार्जर परत त्याच बॅटरीला! प्रत्येक फेरीत थोडी वीज उष्णतेत जाते. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, तसला प्रकार. इन्व्हर्टर-चार्जर एकाच डब्यात असेल तर तो स्वतःच हे सांभाळतो.

५. लाइन बदलली की मेन वर करा, व्होल्टमीटर बघा, मग एकेक एमसीबी उचला. परत खांबाच्या लाइनवर आलात की चार्जरचाही. दिवसभर केबल लावूनही रात्री दिवे मंद होतात, तेव्हा अनेकदा तो एक एमसीबी खालीच राहिलेला असतो.