घरात लॅनची वायर ओढताय? या चुका टाळा

"दादा, टेस्टरचे आठही दिवे लागतात, तरी स्पीड शंभरच्या पुढे सरकत नाही!" मावसभावाचा फोन. प्लॅन 300 एमबीपीएसचा, राऊटर गिगाबिट (म्हणजे 1000 पर्यंतचा), हॉलपासून माडीपर्यंत पंचवीस मीटर लॅनची, म्हणजे घरातल्या नेटवर्कची, वायर पठ्ठ्यानं स्वतः ओढलेली. तीन दिवस नेटवाल्याशी भांडण चालू. मी गेलो आणि आधी कनेक्टर उजेडात धरला. नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी, तपकिरी, असे रंग ओळीनं लावलेले. "दोन्हीकडे सारखं असलं की झालं ना?"

नाही झालं. वायरीतल्या आठ तारा दोन-दोनच्या जोडीनं पिळलेल्या असतात. हा पीळ असतो तो शेजारच्या जोडीचा गोंगाट आत येऊ नये म्हणून. कनेक्टरात 3 आणि 6 नंबरच्या पिना मिळून एक जोडी असते, 4 आणि 5 मिळून दुसरी. रंग ओळीनं लावले की या दोन्ही जोड्या फुटतात, म्हणजे जोडीतल्या दोन तारा वेगवेगळ्या पिळांतल्या होतात. स्वस्तातला टेस्टर तार टोकापर्यंत पोचली का एवढंच बघतो, फुटलेली जोडी त्याला कळत नाही. क्रम पाठच करा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. खटका मागे, पिना आपल्याकडे, वायर खालून. मग डावीकडची 1. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. क्रिम्प (कनेक्टर वायरीवर पक्का करणारी पक्कड) दाबण्याआधी मी रंग मोठ्यानं म्हणतो. घरचे हसतात, हसू देत. तीस सेकंदांची रील बघून पक्कड हातात घेणाऱ्यांना एवढाही धीर नसतो.

दुसरं दुखणं सीसीए वायरचं, म्हणजे वर तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम. दुकानदार "सेमच आहे" म्हणतो. तार ब्लेडनं खरवडा, आत पांढरी दिसली तर परत करा. दोनदा वाकवली की तुटते, आणि त्याच वायरवरून कॅमेऱ्याला वीज द्यायची असेल तर लांब अंतरावर कमी पडते. पैसे वाचवायचेत ना? मग कॅट 6 चा, म्हणजे वरच्या दर्जाच्या वायरीचा, हट्ट सोडा. अस्सल तांब्याची कॅट 5ई शंभर मीटरपर्यंत गिगाबिट देते, आपलं घर काही तेवढं नाही.

नेटवर्कचा स्विच (एका वायरीतून अनेक उपकरणं जोडणारा डबा) खोक्यावर 10/100/1000 हे स्पीडचे आकडे वाचूनच घ्या, नुसतं 10/100 नको.

लाइटच्या पाइपातून लॅन नेऊ नका. भिंत फोडायची नसेल तर स्कर्टिंगलगत केसिंग-पट्टी मारा.

जुना राऊटर स्विच म्हणून लावताय? आधी त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदला, डीएचसीपी (बाकीच्या उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, वायर लॅन पोर्टातच घाला. नाहीतर दोघंही पत्ते वाटत बसतात आणि घरात कुणाचं नेट चालतं, कुणाचं नाही.

वायर कापताना दोन्ही टोकांना हातभर जास्त ठेवा. भावानं मोजूनमापून कापली होती. दोन्ही कनेक्टर छाटून नवे लावले, स्पीड 300 ला टेकला, पण माडीवरचं टेबल चार बोटं भिंतीकडे सरकवावं लागलं. आता कपाटाचं दार त्याला आपटतं.