गॅलरीतील झाडांवर मित्रबुरशी कशी फवारावी?

गॅलरीतील जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला की मुंबईत आता अनेक जण व्हर्टिसिलियम किंवा बिव्हेरिया या कीड मारणाऱ्या मित्रबुरशीची पावडर आणतात, सवडीने भर दुपारी फवारतात आणि आठवड्याने निराश होतात. पुष्कळदा किडीवर रुजण्याआधीच त्या बुरशीचे बीजाणू, म्हणजे जिच्यातून ती उगवते ती सूक्ष्म बीजे, मेलेले असतात.

उन्हातील अतिनील किरण आणि उष्णता यांमुळे बीजाणूच्या पेशीत सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू साठतात आणि ते पेशीचे पटल, प्रथिने व डीएनए यांची नासधूस करतात. यालाच ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. बुरशीजवळ यावर उपाय असतो: एक विकर (एन्झाइम) सुपरऑक्साइडचे पेरॉक्साइड करते आणि कॅटलेज हे दुसरे विकर त्याचे पाणी व ऑक्सिजन यांत विघटन करते. मात्र ही शक्ती मर्यादित असते आणि ती किडीच्या शरीरात शिरल्यावरही लागते, कारण कीटक आपल्या बचावासाठी असेच दाहक रेणू तयार करतो. म्हणून वाटेतला ताण आपण कमी करायचा.

प्रथम पुडीवरील उत्पादनाची व मुदतीची तारीख पाहावी. दुकानाच्या काचेत उन्हात मांडलेली पुडी घेऊ नये. घरी ती कोरड्या, थंड जागी ठेवावी. मे महिन्यात पत्र्याच्या कपाटात तर मुळीच नको.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि तेही ऑक्सिडीकारकच आहे, त्यामुळे पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवून मग वापरावे. लेबलवरील प्रमाण पाळावे. पावडरीसाठी ते बहुधा लिटरला 5 ग्रॅम असते. द्रावण लगेच संपवावे. त्यात बुरशीनाशक मिसळू नये. मुळे कुजू नयेत म्हणून काही जण कुंडीत हायड्रोजन पेरॉक्साइड ओततात. ते आणि ही फवारणी एकाच वेळी करणे म्हणजे एका हाताने बी पेरून दुसऱ्या हाताने उकळते पाणी ओतणे होय.

फवारणी सूर्य मावळताना करावी, कारण बीजाणू रुजायला बहुधा 16 ते 24 तास आणि भरपूर ओलावा लागतो, आणि रात्रीचे तास त्याला उन्हाविना मिळतात. मुंबईचा पावसाळी दमटपणा इथे मोलाचा ठरतो; फक्त सरींची उघडीप बघावी. मेटारायझियम या आणखी एका मित्रबुरशीच्या बीजाणूंचा हिरवा रंग त्यांना उन्हापासून थोडे संरक्षण देतो, तरी त्यासाठीही संध्याकाळच निवडावी. कीड पानांच्या मागे आणि खोडाच्या बेचक्यांत दडते, तेव्हा तिथे द्रावण पोचलेच पाहिजे. तोंडाला मास्क आणि हातांत मोजे असावेत. दम्याच्या रुग्णाने हे काम दुसऱ्याला सांगावे.

परिणाम दिसायला बहुधा 4 ते 10 दिवस लागतात. पिठ्या ढेकूण मुळातच पांढरा असल्याने वाढलेल्या बुरशीवरून अंदाज बांधू नये. काडीने हलकेच ढकलून पाहावे, आणि तो कोरडा पडून हलत नसेल तर बुरशी लागली असे समजावे. जिवंत किडी उरल्या असल्यास आठवड्याने पुन्हा फवारावे.