शार्डोने घेताना या चुका टाळा

शार्डोने या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाची एक बाटली आवडली नाही म्हणून त्या द्राक्षाच्या वाटेलाच न जाणारे बरेच जण पुण्यात भेटतात. सगळ्यांत मोठी चूक हीच. शार्डोनेचा स्वतःचा वास-स्वाद तसा बेताचा. तिला वळण लावतं ते हवामान. फ्रान्समधल्या शाब्लीत वसंतातही गारठ्याने कोवळे फुटवे जळतात. तिथे मणी सावकाश पिकतो, मॅलिक आम्ल (फळाला आंबटपणा देणारं) टिकतं आणि वाइनला लिंबू, हिरव्या सफरचंदाची चव येते. कॅलिफोर्नियाच्या उबदार भागात तीच जात अननसाकडे झुकते. उष्णतेत मण्यातलं आम्ल श्वसनात खर्ची पडतं, साखर भराभर चढते आणि आंबवल्यावर तिचंच अल्कोहोल होतं. म्हणून लेबलवर जातीइतकंच लक्ष प्रदेशाकडे आणि अल्कोहोलच्या टक्क्यांकडे द्या. १२.५ आणि १४.५ यांतला फरक जिभेला लगेच कळतो.

लोण्याची चव मात्र उन्हाच्या माथी मारू नका. मॅलोलॅक्टिक किण्वनात जिवाणू मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करतात, तेव्हा डायअॅसिटिल तयार होतं. लोण्याचा वास त्याचा. व्हॅनिला येतो ओकच्या पिंपातून. हे दोन्ही वाइन करणाऱ्याचे निर्णय. नको असतील तर ओक न वापरलेली बाटली मागा, बहुधा काम होतं.

‘महाराष्ट्र उष्ण, म्हणजे इथली पांढरी वाइन बोजडच’ हेही घाईचं बोलणं. जुन्नर-नारायणगावच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, म्हणजे नव्या काड्यांसाठीची; पावसाळा सरताना गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. युरोपात उन्हाळ्याच्या अखेरीस पिकणारा मणी आपल्याकडे थंडीत पिकतो आणि गार रात्री आम्ल राखतात. तोडणी मार्चमध्ये लांबली की ऊन तापतं आणि हा फायदा हातचा जातो. माझ्या मते आपल्याकडे तोडणीची तारीख अक्षांशापेक्षा जास्त बोलते.

शेवटची चूक आपल्या घरातली. एप्रिल-मे महिन्यांत बाटली स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवली, तर रंग तपकिरी होतो, वास शिजवलेल्या फळासारखा येतो, कधी बूचही वर सरकतं. यात बागेचा दोष नसतो. बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि प्यायच्या वीस-तीस मिनिटं आधी बाहेर काढा. १० ते १२ अंशांवर चव उघडते. ग्लासात बर्फ टाकला तर ती पातळ होते.